गोधडीतली बीअर

विश्वातल्या सगळ्या उष्णतेशी एकट्यानं लढायला जन्माला आलेला माणूस कुणाला पाहायचा असेल, तर त्यानं अमेरिकेत अ‍ॅशबर्नला माझ्या साडूच्या घरी जावं. स्वेटर घालून जावं. हा गृहस्थ दिवसभर डेटा सेंटरमध्ये यंत्रं थंड ठेवतो आणि संध्याकाळी घरी येऊन माणसं. मुलगा नोकरीसाठी ओहायोत डब्लिनला गेल्यावर यांनी मोठं घर विकून एका बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. जागा अपुरी पडू लागल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल तेच मग साडूला सुचलं, घरी बीअर करायची. स्वतः थेंबभरही घेत नाही, हे विशेष.

उन्हाळाभर बीअरची बादली बाथटबमध्ये गार पाण्यात बसलेली असे. अंगावर ओला टॉवेल, भोवती गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर पंखा. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा माझी एवढी सेवा कुणी केली नव्हती. पाहुण्याला अंघोळ करायची तर आधी साडूची परवानगी, आणि ती मिळालीच तर वर सूचना, "गरम पाणी नको हं यार, यीस्ट डिस्टर्ब होतं." फ्रीजर त्या बाटल्यांनी भरल्यामुळे मेव्हणीचे मटार शेजारणीकडे नांदायला गेले.

"घेत नाहीस, मग हा उपद्व्याप कशाला?" मी एकदा विचारलंच.

थर्मामीटर पुसत तो म्हणाला, "मुलाला आवडते. फोनवर आमचं बोलणं वेदरवरच संपतं रे. मित्रांशी मात्र बीअरवर तासन्‌तास बोलतो."

मी बादलीवरचा टॉवेल पुन्हा भिजवून दिला.

थँक्सगिव्हिंगला मुलगा येणार म्हणून बाटल्या भरल्या गेल्या. बाटलीत गेल्यावर बीअरला ऊब लागते, तरच तिला फेस येतो. मेव्हणी म्हणालीसुद्धा, "अहो, फ्रीजमध्ये विरजण लागतं का कधी?" पण जन्मभर यंत्रं गार करणारा माणूस बायकोचं काय ऐकतो! बाटल्या बाल्कनीत, नोव्हेंबरच्या गारठ्यात.

मुलगा आला, त्यानं बाटली उघडली. आवाज नाही, फेस नाही. साडूकडे बघवेना.

"डॅड, इट्स फ्लॅट," मुलगा म्हणाला, आणि पूर्ण ग्लास संपवला. "नेक्स्ट टाइम कीप देम वॉर्म, ओके?" मग दोघं यीस्टवर असे बोलत बसले की मेव्हणीला जेवायला हाका मारून मारून कंटाळा आला. साडूला एवढं हसताना मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

नंतरच्या बाटल्या कपाटात आहेत, मुलाच्या लहानपणच्या गोधडीत गुंडाळलेल्या. त्या घरात आता हीटर लागतो. मुलाचं येणं मात्र दोनदा कॅन्सल झालं, कामामुळे. परवा घाम पुसत मी म्हटलं, "फेस आला असेल रे, एक उघडून तरी बघू."

साडूनं गोधडीचं सुटलेलं टोक पुन्हा नीट खोचलं.

"नको यार. तो आला की."