उज्ज्वलाचं कडवट दही

सतीशचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची बहीण उज्ज्वला, माझी मैत्रीण. आठवड्यापूर्वी आम्ही बोललो होतो, तेव्हाच तिच्या अंगात ताप होता. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणाली, "बाबांजवळ कोण बसणार? उतरंल दोन दिवसांत." मी आग्रह धरला नाही… ती कुठंच जाऊ शकत नाही, याची मलाही सवय होऊन गेली होती.

विद्यापीठात आम्ही जीवरसायनशास्त्राला एकत्र होतो. ती हसनाबादची, मी कुंभार पिंपळगावची. पीएचडीसाठी दोघींनाही पुण्यात प्रवेश मिळाला, आणि निघायच्या आठवड्यातच तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच नव्हती, सतीशची नोकरी नाशिकला. डॉक्टर जवळ हवा म्हणून तिनं बाबांना नवीन जालन्यात भाड्याच्या घरी आणलं. वर्षभरापुरतं, असं ठरलं होतं. त्याला चौदा वर्षं झाली.

बाबांना गिळायला दही सोपं जायचं, म्हणून ती ते रोज लावायची. मी गेले की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगायची, "गाय अमिनो आम्लं एकाला एक जोडून दुधातल्या प्रथिनाची लांब साखळी बनवते. विरजणातल्या जिवाणूला ती अख्खी खाता येत न्हाई. मंग तो बाहेरच तिचे तुकडे करतो. बारीक तुकडे आत ओढून घेतो, उरलेले दह्यात राहतात. तेच आपले पेप्टाइड." शेजारच्या रेहानाआपांच्या विरजणाचं दही थोडं कडवट लागायचं आणि बाबा तोंड फिरवायचे. दुसरं कुणी असतं तर ते विरजण टाकून दिलं असतं. हिनं मात्र ते वेगळ्या वाटीत वर्षभर जपलं. "ह्याचे जिवाणू साखळी दुसऱ्याच जागी कापून राह्यले. म्हणून कडू तुकडे निघतात. तपासून देतीस का?"

मी ते दही बर्फात घालून पुण्याला नेलं. तिचं खरं निघालं. तिच्या नेहमीच्या दह्यात नसलेले कडू पेप्टाइड त्यात होते. फोनवर सांगितलं तेव्हा ती मोठ्यानं हसली. "बराबर होतं म्हणजे माझं!"

दोन महिने ये, आपण यावर नीट काम करू, असं मी म्हटलं. सतीश रजा काढून आला. ती बॅग घेऊन स्टेशनावर पोचली आणि गाडी यायच्या आत तिला त्याचा फोन आला… बाबा त्याच्या हातून एक घासही घेत नव्हते. ती फलाटावरूनच माघारी गेली. त्यानंतर त्या दह्याचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

शेवटच्या भेटीत बाबांचं तोंड पुसता पुसता ती म्हणाली, "मी त्याग केला, असं कुणाला म्हणू देऊ नको. मी अडकले, बस. बाबांवर माया हाये, अन् त्यांचा रागबी येतो. दोन्ही खरं हाये."

शोकसभेत सगळे त्यागाबद्दलच बोलले. माझी वेळ आली तेव्हा समोर चाकाच्या खुर्चीत बाबा होते. मीही 'त्याग'च म्हणाले. म्हणून आज हे लिहिते आहे.

त्या दिवशी शोकसभेनंतर घरी सतीशनं मला तिची खोली दाखवली. दाराला आतून नवी कडी होती. "ताईनं मागच्या वर्षी लावून घेतल्ती. दुपारी बाबा झोपले की कडी लावून बसायची. आत काय करायची, कुणालाच माहीत न्हाई." तो बाहेर निघून गेल्यावर मी ती कडी लावली आणि तिच्या खाटेवर बसले. खोलीत करण्यासारखं काहीच नव्हतं. थोड्या वेळानं पलीकडून बाबांनी डाव्या हातानं पलंगावर थाप मारली, मग पुन्हा मारली. मी लगेच उठले नाही. तिसऱ्या थापेला उठून कडी काढली.