पूर्वेची खिडकी

परमेश्वराने माणसाला कुठल्या ग्रहावर उतरवायचं हे ठरवताना माझ्या मामेसासऱ्यांचा सल्ला घेतला नाही, म्हणूनच आपण सगळे इथे आहोत. घेतला असता, तर मामांनी पृथ्वीच्या दाराची कडी आधी दोनदा लावून-काढून पाहिली असती, पाणी दिवसभर असतं की सकाळचंच, ते विचारलं असतं आणि मग "जागा वाईट नाही, पण आणखी दोन-चार बघून येऊ," म्हणून ते पुढच्या ग्रहाकडे चालू लागले असते. माणसाने मुक्काम कुठे करावा, हा मामांचा जन्माचा विषय. नोकरीतून ते रीतसर निवृत्त झाले. या विषयातून निवृत्त होण्याची काही लक्षणं नाहीत.

"खोली डोळ्यांनी बघायची नसते जावईबापू, कानांनी बघायची," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. लॉजच्या खोलीत शिरले की मामा चपला काढतात, थेट पलंगावर आडवे होतात, डोळे मिटतात आणि ऐकत पडतात. मॅनेजर किल्ली हातात घेऊन दारात उभा, आम्ही सगळे बाहेर गाडीत, पोरांनी जेवणासाठी आणलेल्या दशम्या केव्हाच फस्त केलेल्या. मग आतून निकाल यायचा. "वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतंय." "पाण्याची मोटर याच भिंतीला लागून आहे." कोकणात एकदा अगदी वाळूवरची खोली मिळत होती. ती त्यांनी "समुद्र फार बोलतो" म्हणून नाकारली, आणि केवळ समुद्रासाठी घरून निघालेले आम्ही गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका सुपारीच्या बागेत राहिलो. झोप मात्र दृष्ट लागण्यासारखी लागली, हे कबूल करायला हवं. माझ्या लग्नाचं कार्यालय ठरवतानासुद्धा मामा वरपक्षाच्या खोलीत एक अख्खी दुपार झोपून आले होते. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या झोपेची इतकी काळजी वाहिल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या ऐकिवात नाही.

मामांनी कसब्यातली जुनी जागा सोडून धायरीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा तर विचारूच नका. पसंत पडत आलेल्या इमारतीसमोर मामा पहाटे जाऊन उभे राहत, भर दुपारी उभे राहत, दिवेलागणीलाही उभे राहत. वॉचमनला आधी संशय आला, नंतर सवय झाली, आणि शेवटी तो त्यांना चहा विचारू लागला. नव्या घरात पहिलं दूध उतू गेलं, तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या, "घर निवडताना केला त्याच्या निम्मा विचार बायको निवडताना केला असता, तर मी सुटले असते." मामांनी हे ऐकलं नाही, कारण ते बेडरूममध्ये डोळे मिटून पडले होते.

त्यांचं मुख्य तत्त्व असं, की जागा जाताना बघू नये, परत येताना बघावी. सकाळी माणूस उत्साहात असतो, त्याला सगळंच जवळ वाटतं. दिवसभर पायपीट करून, अंग आंबल्यावर, संध्याकाळी जी जवळ वाटते ती खरी जागा. या तत्त्वाने त्यांनी अर्ध्या आप्तेष्टांच्या सहली सुखाच्या केल्या आहेत, हे त्यांचे टीकाकारही मानतात. मानत नाहीत ते स्वतः मामा, आणि तेही एकच गोष्ट: आपली चूक. एका यात्रेत त्यांनी निवडलेल्या धर्मशाळेच्या मागेच लग्नाच्या बँडची तालीम चालायची. रात्रभर आमच्या उशाशी ट्रम्पेट. सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी आम्ही त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "जागा बरोबरच होती. बँड चुकीच्या ठिकाणी होता."

अशा माणसाला त्याच्या एकुलत्या एक मुलाने कॅनडाहून फोन करून सांगितलं, "बाबा, राहायची जागा तुम्हीच ठरवा." त्याचं असं झालं. निखिलला पुण्याला यायला जमत नव्हतं. कधी रजा नाही, कधी मुलांची शाळा, कधी आणखी काही. मामांचे गुडघे आणि मामींचा रक्तदाब यांना कॅनडा फार लांब. नातवंडं फोनच्या काचेतच लहानाची मोठी होत होती. मामा याबद्दल कधी बोलत नसत. "बिझी असतो तो," एवढंच, आणि तेसुद्धा अशा सुरात, की जणू निखिलला बिझी त्यांनीच करून ठेवलं आहे. शेवटी निखिलनेच तोड काढली: अर्ध्या वाटेवर, जपानमध्ये, आठवडाभर भेटू. त्याला, सुनेला आणि मुलांना बर्फावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा भारी नाद. तिथे म्हणे एकाच डोंगररांगेच्या पायथ्याशी बरीच गावं आहेत, आणि वरून सगळी तारेवरच्या पाळण्यांनी आणि घसरवाटांनी एकमेकांना जोडलेली. या गावातून वर जा, त्या गावात उतरा, तिकीट एकच. प्रश्न एवढाच, की राहायचं कुठल्या गावात?

मी हिंजवडीत कामाला, सबब माझ्याकडे लॅपटॉप, सबब माझा प्रत्येक रविवार धायरीला. मामांनी तो नकाशा रंगीत छापून आणवला आणि जेवणाच्या टेबलावर काचेखाली घातला. जपानी नावं त्यांच्या तोंडी बसेनात, म्हणून त्यांनी गावांचं बारसंच करून टाकलं. गरम पाण्याची कुंडं आणि अरुंद गल्ल्या असलेलं जुनं गाव म्हणजे कसबा. उंच हॉटेलं, सकाळी बसगाड्या आणि धावपळ, ते हिंजवडी. एका कडेला, शांत, स्वस्त, पण बसने ये-जा करायला लागणारं, ती धायरी. आणि जिथे चारी बाजूंचे पाळणे आणि वाटा येऊन मिळतात, लाउडस्पीकर, खाण्याच्या टपऱ्या, बूट आपटणारी माणसं, ते स्वारगेट. दुपारनंतर वरचे पाळणे बंद होतात आणि तोवर आपल्या बाजूला न पोचलेला माणूस भलत्याच गावात अडकतो, हे वाचल्यावर तर मामांचा चेहरा उजळला. "बघा! मी काय म्हणतो? जागा परत येताना बघावी."

मी मनाशी धायरी धरून चाललो होतो. मामींनी तर थालीपिठाची भाजणीसुद्धा धायरीच्या हिशेबाने दळून आणली होती, म्हणजे खोलीत चूल असेल अशा बेताने. आणि एका रविवारी मामांनी जाहीर केलं, "स्वारगेट."

मी चाट पडलो. समुद्र फार बोलतो म्हणणारा माणूस लाउडस्पीकरखाली राहणार?

"पूर्वेची खिडकी आहे," मामा म्हणाले. "नकाशात वर उत्तर, उजवीकडे पूर्व. या हॉटेलची उजवीकडची खोली घ्यायची. सकाळचं ऊन थेट पलंगावर. बर्फाच्या गावात ऊन नको का? तुमच्या मामींचे सांधे आहेत."

"माझे सांधे यात आणू नका," मामी म्हणाल्या. पण खोली ठरली.

मामा-मामी जपानला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर निखिलचा व्हिडिओ आला आणि सगळ्या नात्यात दिवाळी झाली. खोलीत ऊन नव्हतंच. स्कीइंगच्या नकाशांत डोंगर नेहमी वर काढतात, मग तो कुठल्याही दिशेला असो. इथला डोंगर दक्षिणेला होता, त्यामुळे अख्खा नकाशाच उलटा, आणि मामांची पूर्व पश्चिमेला निघाली होती. "बाबा, फायनली! आयुष्यात पहिल्यांदा चुकलात!" निखिल मागून हसत ओरडत होता. मामा खिडकीशी कानटोपी घालून बसले होते. आम्ही सगळे श्वास रोखून वाट बघत होतो, की आता म्हणणार, खिडकी बरोबर आहे, सूर्य चुकीच्या ठिकाणी आहे. मामा म्हणाले, "चुकलो बुवा."

माझ्या बायकोने तो व्हिडिओ पुन्हा लावून खात्री करून घेतली. आठवडाभर ग्रुपवर मामांची यथेच्छ टिंगल झाली. कुणी त्यांना होकायंत्र भेट द्यायचं म्हणालं, कुणी धायरीच्या फ्लॅटची पूर्वही एकदा तपासून घ्या म्हणालं. मामांनी एकालाही उत्तर दिलं नाही, आणि हे मला जरा खटकत राहिलं.

ते परत आल्यावर रविवारी मी धायरीला गेलो. मामींनी चहा टाकला. मामांनी फोटो दाखवायला घेतले, आणि फोटो सगळे एकाच खिडकीतून काढलेले: पांढराशुभ्र उतार आणि त्यावर रंगीत ठिपके. मला सगळे ठिपके सारखेच. मामा मात्र बोट ठेवून सांगत होते. "हा निखिल. ही त्याची लाल टोपी. ही धाकटी, इथे पडली, पण रडली नाही. हा परत निखिल. हा जेवायला येताना. इथून हात करायचा तो, प्रत्येक फेरीला."

"आणि ऊन?" मी चिडवलं.

मामांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, डोंगर वर काढायची त्यांची रीत आहे, हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. मला काय नकाशा कळत नाही?"

"मग ती खोली?"

"तो डोंगरावर कुठेही गेला, कुठल्याही बाजूने खाली आला, तरी त्याला त्या खिडकीसमोरूनच जावं लागत होतं." त्यांनी बोटाने पुढचा फोटो आणला. "दुसऱ्या कुठल्या गावात राहिलो असतो, तर सकाळी गेला की संध्याकाळीच दिसला असता. आता एवढ्या मोठ्या मुलाला काय सांगणार, की तुला बघत बसायला ही खोली घेतली? ऊन म्हटलं की बरं असतं."

ज्या माणसाने रात्रभर ट्रम्पेट ऐकूनही चूक पदरात घेतली नाही, त्याने न केलेली चूक सगळ्या गोतावळ्यासमोर मुकाट कबूल केली होती. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "निखिल म्हणालाय, पुढच्या वर्षी परत भेटू. पण जागा तो बघणार. म्हणाला, बाबांना आता नकाशा कळत नाही."

"काय म्हणालात मग?" मी मामांना विचारलं.

"बरं म्हणालो."

मामांनी चहा संपवला. निघताना ते मला सोडायला लिफ्टपर्यंत आले, जे ते कधी येत नाहीत. बटण दाबून झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, जागा बघताना तो तुम्हाला फोन करेल. तुमचं ऐकतो तो. सहज बोलता बोलता सांगा, खिडकी तेवढी पाळण्यांकडची घे म्हणावं." लिफ्ट आली. मी आत शिरलो, तर त्यांनी दार हाताने धरून ठेवलं. "आणि मी सांगितलं म्हणू नका."