रुपाबाईचं बसणं

रुपाबाई वर्षातून एक दिवस बसायची. एरवी तिला रिकामं बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याला मी आजही चहा पाजायला तयार आहे.

तो दिवस एक मेचा. सकाळी शाळेत झेंडा व्हायचा, पोरं बिस्किटं खात घरी जायची. उन्हं कलली की रुपाबाई आणि चंदाबाई तांड्यावरून निघून जानराव मालकांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसायच्या. विळे समोर ठेवलेले, हात मांडीवर, अंधार पडेपर्यंत.

कारण जुनं होतं. जानरावांच्या वडिलांच्या काळात बाया दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत शेतातलं तण निंदायच्या. दिवस भरलेल्या चंदाबाईनं एकदा लवकर घरी जाऊ द्या म्हटलं, तर मालक म्हणाले, हातातली पात, ती ओळ, पुरी करून जा. तिनं ती पुरी केली. मूल धुऱ्यावरच झालं आणि रडलंच नाही. दुसऱ्या दिवशी रुपाबाईनं बाभळीखाली विळा ठेवला, मागोमाग सगळ्या बायांनी ठेवले. शेतं तणात गेली तेव्हा मालक नमले. सूर्य बाभळीच्या शेंड्याखाली उतरला की सुट्टी, असं ठरलं. तारीख पुढं कोणाला आठवेना, म्हणून कामगारांचा दिवस तोच आपला दिवस, असं त्यांनी धरलं.

यंदा संक्रांतीनंतर चंदाबाई गेली. रुपाबाई घरोघर सांगून आली, "या वो बायांनो, घडीभर बसा." बाया हो म्हणाल्या, आली कोणीच नाही. आता भुईमुगाच्या शेंगा तोडायचं काम गुत्त्यावर असतं, जेवढं तोडाल तेवढे पैसे. मालक ओरडत नाही, अडवत नाही. त्याला गरजच काय? मला याचा फार राग येतो, पण तो काढायचा कोणावर?

त्या संध्याकाळी शेलूबाजारहून परतताना मी रस्त्यावर थांबलो. रुपाबाई एकटीच बसली होती. हाकेच्या अंतरावर तिची सून राखी वेलांच्या ढिगापाशी शेंगा तोडत होती. तिला आठवा महिना होता. सूर्य शेंड्याखाली उतरला.

"राखी, ऊठ. सुट्टी झाली."

"ढीग बाकी हाये, आत्या. अर्ध्यात सोडला त उद्या काम दुसरीले देतीन."

"कंबर दुखून राह्यली ना तुही?"

"दुखते. पण करू काय?"

रुपाबाई शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत या दिवशी ती अंधाराआधी कधी उठली नव्हती. ती उठली, सुनेजवळ जाऊन "सरक थोडी" म्हणाली आणि अर्धा ढीग स्वतःकडे ओढला.

अंधार पडायच्या आत ढीग संपला. दोघी घरी निघाल्या. विळा बाभळीखालीच राहिला होता. राखी तो घ्यायला वळली, तशी रुपाबाईनं तिचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तो तरी बसू दे."