गुरुमूर्तीमामांचं सोलर

अण्णा नगरला मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, ते गुरुमूर्तीराव तंजावरकडचे मराठी. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं वेल्डिंग केलं. त्यांच्या मराठीत तमिळ इतकं मिसळलेलं, की पहिला महिनाभर आम्ही हातवाऱ्यांवरच भागवलं. मी ओरगडमच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर, म्हणून घरातली विजेची प्रत्येक शंका माझ्याकडे येते.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, राजसमामींच्या, फुप्फुसांचा आजार वाढला आणि हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन आलं. ते चोवीस तास चालतं. विजेचं बिल चौपट झालं.

"तंबी, गच्चीवर सोलर लावलं तर परवडेल काय, बघून सांग," मामा म्हणाले.

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. असं कुणी म्हटलं की मी हुरळतो. आठवडाभर मीटरचे आकडे घेतले, टाकीची सावली मोजली, तक्ता केला. रविवारी कॉफी पिता पिता तो दोघांना वाचून दाखवला. मामी नाकाला नळी लावून शेंगा सोलत होत्या.

"करंट गेला तर मशीन चालेल?" त्यांनी विचारलं.

"नुसत्या पॅनेलवर नाही, मामी. बॅटरी लागते. ती धरूनही पाच वर्षांत पैसे वसूल. पण मशीन चालू राहिलं तर हं! मशीन नसेल तर तुमचं बिल इतकं कमी, की वीस वर्षांतही परवडणार नाही."

मामींचे हात थांबले.

"म्हणजे मी पाच वर्षं राहायला पाहिजे," त्या हसून म्हणाल्या.

"पाच काय! पॅनेलला पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे, तुला सोडतो काय?" मामा जवळजवळ ओरडलेच. "तंबी, उद्याच कंपनीचा माणूस बोलाव."

मग जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचंच सांगितलं होतं. मामींना ते माहीत नव्हतं.

"नको म्हटलं असतं तर तिला कळलं असतं रे."

तक्ता माझ्या हातातच होता.

पॅनेलं आली त्या दिवशी मामा गच्चीवर कामगारांच्या मागे उभे राहून सांगाड्याच्या जोडांमध्ये चुका काढत होते. खाली मामींनी मला जवळ बोलावलं.

"मिक्सर घ्यायला चार दुकानं फिरले होते हे. तीन दिवस भाव पाडत होते. आणि त्या कंपनीवाल्यानं किंमत सांगितली, तर नुसतं 'सरी', बरं, म्हणून सही करून मोकळे." श्वासासाठी त्या थांबल्या. "किती दिवस आहेत ते तुला सांगितलं असेल."

मी फरशीकडे पाहिलं.

"मला सांगू नको. आणि मला कळलंय, हे त्यांनाही सांगू नको." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "केव्हाचे उन्हात उभे आहेत. वर नेऊन दे."