मावशींनी न दिलेलं पाणी

आमच्या वॉर्डातल्या मावशी अठ्ठावीस वर्षं पेशंटांची तोंडं पुसत आल्या आहेत. ओल्या फडक्याने कान, गळा, मान, सगळं पुसतात, तान्ह्या लेकराला पुसावं तसं. एवढा वेळ कशाला घालवता, असं मी कितीदा म्हटलं. त्या हो म्हणतात आणि आपलंच खरं करतात.

मी भूल देणारी डॉक्टर. त्या दिवशी एका बस ड्रायव्हर काकांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मान आखूड, तोंड जेमतेम उघडणारं. श्वासाची नळी घालताना माझ्या नाकी नऊ आले, तिसऱ्या खेपेला बसली. दुपारी काका म्हणाले, थुंकी गिळतानाही घसा फार दुखतोय. आम्हा नळीवाल्यांचं उत्तर तोंडपाठ असतं: दोन दिवस दुखणारच. तेच ऐकवलं, मावशींना कोमट पाणी द्यायला सांगितलं आणि निघाले. तीन खेपा लागल्याचं वॉर्डात कोणाला बोलले नाही. लाज वाटत होती.

जिन्यात मावशींनी गाठलं. "मॅडम, पाणी मी दिलेलं नाही. पुसताना मान हाताला वेगळीच लागली. आधी त्यांच्या मानेला हात लावून बघा."

मला राग आला. आता या मला शिकवणार. तरी गेले. मानेची कातडी दाबली की खाली हवा चुरचुरत होती, अंगात ताप होता. म्हणजे नळी घालताना अन्ननलिकेला माझ्याच हातून भोक पडलं होतं. त्यातून पाणी छातीत उतरलं असतं, तर काकांच्या जिवावर बेतलं असतं.

मग एकच धावपळ. तोंडाने सगळं बंद, शिरेतून अँटिबायोटिक, स्कॅन, सर्जनना फोन. भोक बारीक होतं आणि मानेतच होतं, त्यामुळे चिरफाड टळली. दुर्बिणीतून बघत सर्जननी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. बारा दिवस काका त्या नळीवर जगले, आणि काकू समोर बसून जेवतात म्हणून रुसले.

तीन खेपा लागल्या, चूक माझी, हे मी काकांना त्याच संध्याकाळी मावशींच्या देखत सांगितलं होतं. तपासणीत भोक बुजलेलं दिसलं, तेव्हा काका म्हणाले, "पुन्हा भूल लागली तर तुम्हीच या. माझ्या घशातलं तेवढं वळण आता तुमच्या ओळखीचं झालंय."

मला रडूच आलं. मावशी शेजारी चादर बदलत होत्या.

"या की," त्या म्हणाल्या. "फक्त किती खेपा लागल्या, ते मला आधी सांगायचं."