राईच्या विहिरीचं पाणी

दोन हजार चारच्या सुमारास पूनम सागर सोसायटीत आमच्या गेटपाशी जवळच्याच खाडीकाठच्या राई गावातली एक मावशी भाजी विकायला बसायची. मी पाणी दिलं की पहिला घोट तोंडात धरून ठेवायची आणि मग म्हणायची, "गोडं हाय."

तिच्या दारातली विहीर खारट होत चालली होती. खाडीचं पाणी वर्षागणिक चढत होतं. आधी ते फक्त उधाणाला विहिरीत झिरपायचं, मग कायमचंच मुरलं. कडेच्या केळी वाळल्या. भेंडीचा भाव सांगावा तशा आवाजात ती हे सांगायची.

मुलीच्या हळदीला तिने मला बोलावलं. हळद लावून झाल्यावर अंघोळीसाठी बायकांनी नळाचं पाणी तापवून ठेवलं होतं. मावशी मात्र उठली आणि विहिरीचं पाणी शेंदून घेऊन आली.

"आये, साबनाला फेस न्हाय येत," मुलगी म्हणाली.

"न्हाय आला तर न्हाय. याच पान्यावर वाढलीस तू."

मावशीने अख्खी बादली तिच्या अंगावर ओतली. मग कोणी काही म्हणायच्या आत नळाचं ऊन पाणी घेतलं आणि पोरीच्या केसांतलं मीठ सावकाश धुऊन काढलं.