आखाजीची गाडी

आमच्या घरात लोणच्याची बरणी उघडायची म्हणजे आधी झटापट. माझ्या वडिलांनी, नानांनी, प्रत्येक टोपणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवलेला. बरणी, रॉकेलचा डबा, हिंगाची डबी, काही सुटलं नाही. "उन्हानं सारं उडी जातं," हे त्यांचं म्हणणं. असोद्याच्या वैशाखात ते अगदीच खोटं नाही. पण सकाळी उठून चहापत्तीच्या डब्याशी कुस्ती खेळायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. मी दमलेलीच असते म्हणा. नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहायला आले, तेव्हापासून सलग झोप म्हणून लागलेली नाही.

नानांची आठवण गेली आहे. मला ते कधी 'बाई' म्हणतात, कधी नुसतंच बघतात. एकच गोष्ट मनात पक्की बसलीय: आखाजी आली की शिरपूरला जाऊन अक्काला आणायचं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. खान्देशात अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, आणि आपल्या आपण येत नाहीत. माहेरचं माणूस न्यायला जावं लागतं. आत्याने ऐंशी ओलांडली तरी त्यात सूट नाही. हात चालत होते तोवर नाना दरसाल आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीतून तिला आणायचे.

मागच्या आखाजीला तिचा नातू नव्या गाडीतून तिला सोडून गेला. गाडी आली ते घरात कळलंसुद्धा नाही. आत्या नानांशेजारी बसून "अरे भाऊ, मी शे, मी," म्हणत राहिली आणि नाना दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून बसले. "अक्का आली का वं?" असं मलाच विचारत. दिवेलागण झाली की ते कोणालाच ओळखत नाहीत, नुसते घाबरतात. दुसऱ्या दिवशी आत्या मुकाट्याने निघून गेली. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता, आणि रडूही.

म्हणून यंदा ठरवलं: त्याच गाडीतून आणायचं, आणि दिवस मावळायच्या आत आणायचं. त्या आवाजावर तरी ते ओळखतील, एवढीच आशा होती.

जळगावहून जाणता मेकॅनिक बोलावला. त्याने कार्बुरेटर, म्हणजे जिथे पेट्रोलात हवा मिसळते ते भांडं, खोलून धुतलं. प्लग घासले, पॉइंट लावले. जुनं पेट्रोल खालून सोडून दिलं, कॅनमधलं ताजं मी स्वतः ओतलं. गावाला एक वेढा मारून आला आणि म्हणाला, "ताई, आता खुशाल वरातीला काढा." शेजारच्या वहिनींना नानांजवळ बसवून मी पहाटेच निघाले.

चोपडा मागे पडलं आणि गाडी आचके देऊ लागली. पुढे जायची, अडखळायची, उचकी लागल्यासारखी थांबायची. मी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. आपल्याकडे बॉनेट उघडलं की डॉक्टर जमायला वेळ लागत नाही. मोटारसायकलवाला म्हणाला प्लग. केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला पेट्रोलात पाणी. एका आबांनी सांगितलं, उन्हाने पेट्रोल नळीतच उकळतंय, इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओला फडका टाक. मी पंचा भिजवून टाकला, वाट पाहिली, गाडी सुरू झाली. आबांचे आभार मानले. थोड्या अंतरावर पुन्हा तेच. असं करत, शिव्या देत, शिरपूर गाठलं.

आत्या गाठोडं घेऊन ओट्यावर बसली होती. "उनी का व पोर," म्हणाली, आणि पाणी प्यायला मिळेतो गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

परतताना शिरपुरात पेट्रोल भरलं. नंतर गाडी अशी धावली की मला वाटलं, झालं बाई एकदाचं. पण हातेडच्या पुढे पुन्हा पहिला आचका आला, मग दुसरा. फडका टाकला, थांबले, निघाले, पुन्हा थांबले. ऊन कलू लागलं. आत्याचा चेहरा लाल झाला होता, पण ती एकदाही कुरकुरली नाही. एका कडुनिंबाखाली गाडी बंद पडली तेव्हा मीच ओरडले, "मरू दे ही गाडी! कोणासाठी करतेय मी हे? त्यांना कळणार तरी आहे का?"

आत्या म्हणाली, "सावलीमा बठ जराशी. मना भाऊ वाट देखी ऱ्हायना व्हई."

मी बसले. वाऱ्याची झळ पंच्यावर येत होती आणि पंचा वाळत होता. बसल्या बसल्या मनात आलं, उन्हाचा दोष असता तर शिरपुरातून निघाल्यावर भर दुपारी गाडी एवढी सरळ कशी धावली? फडका तर तेव्हा वाळून कडक झाला होता. तेव्हा नवं काय झालं होतं? पेट्रोल भरलं होतं, एवढंच. पण पेट्रोल तर आधीही टाकीत होतंच. मग राहिलं काय? पेट्रोल भरायला टोपण उघडलं होतं.

उठून टोपण फिरवलं. सूं करून टाकीने हवा आत ओढली. टोपण उलटं केलं तर आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा, कडेला कडा लावून घट्ट बसवलेला. टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते त्याने बुजलेलं. पेट्रोल संपत जायचं, वरून हवा यायची नाही, टाकी इंजिनला पेट्रोल सोडायची नाही. मी थांबले की हवा कुठून तरी झिरपायची, आणि श्रेय फडक्याला.

आणि हे रबर मी पाहिलं होतं! कॅनमधून पेट्रोल ओतलं तेव्हा टोपण माझ्याच हातात होतं. दुसऱ्या कोणीही विचारलं असतं, हे इथे कशाला. आमच्या घरात वाढलेल्या मला टोपणाखाली रबर नसतं, तरच चुकल्यासारखं वाटलं असतं. गाडी शेवटची उभी केली तेव्हा नानांनी ते बसवलं असणार. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी रबर उचकटून आत्याला दाखवलं. ती पोट धरून हसली. "हाई त्यानंच काम!" मग हसता हसता डोळे पुसले आणि तो तुकडा मुठीत धरून बसली.

नंतर गाडी एकदाही थांबली नाही. असोद्यात शिरलो तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. आवाज ऐकून नाना ओट्यावरून उठले. किती दिवसांनी ते आपले आपण उठत होते! काठी टेकत गाडीकडे आले. आत्या दार उघडून उतरली, "भाऊ," म्हणाली. ते तिच्या अंगावरून पुढे गेले.

ते मागे टाकीपाशी गेले, टोपण उघडलं, आत पाहिलं.

"रबर कुठी गेलं?" ते माझ्यावर ओरडले. "पेट्रोल उडी जाईन ना! मंग अक्काले आनाले मी कसा जाऊ?"

दोन वर्षं गोठ्याजवळ उभ्या असलेल्या गाडीत त्यांनी बहिणीच्या वाटेचं पेट्रोल जपून ठेवलं होतं, आणि मी दिवसभर त्याच गाडीला शिव्या देत आले होते.

आत्या जवळ गेली, मूठ उघडली. "हाई ले. बसाड."

त्यांनी रबर घेतलं, टोपणात दाबून बसवलं, टोपण आवळलं, हात धोतराला पुसले. मग वर पाहिलं.

"अक्का," ते म्हणाले, "तू कवा आली वं?"

"आत्तेच उनू," आत्या म्हणाली.

आखाजीनंतर तिला पोचवायला जाताना मी रबर काढलं. परत आल्यावर पुन्हा बसवलं. नाना तेव्हा झोपलेले होते, तरी बसवलं.